विंगेतून : नाइट किती, मुक्काम कुठं?

दोस्तांनो,

दिवाळीचा फराळ संपला का? आमच्या डब्याच्या तळाशी चिवड्यातला कढीपत्ता तेवढा उरलाय आणि धाकटा भाऊ तोही शोधून शोधून खातोय. म्हणजे सुट्टी संपलीच! सहामाहीच्या पेपरांबद्दल मी काही विचारत नाही. ते विचारणारे प्रत्येकाच्या घरात पुष्कळ असतात.

ज्यांनी हल्लीच अंक घ्यायला सुरुवात केलीय त्यांच्यासाठी आधी थोडक्यात ओळख. मी सांगलीची. दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी साडेसात ते साडेदहा नाटक करते. 'करते' म्हणजे तोंडाला रंग लावून नव्हे. मी विंगेत असते. प्रॉम्प्टिंग आणि प्रॉपर्टी अशी दोन खाती माझ्याकडे आहेत. (मंत्रिमंडळात असल्यासारखं वाटतं की नाही?)

आमच्या ग्रुपचं राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक आता बसत आलंय. वाचनं संपली, उभ्या तालमी चालू आहेत. प्राथमिक फेरीला अठरा दिवस राहिलेत आणि दिग्दर्शक सर अजून दुसऱ्या अंकाचा शेवट बदलतायत. तो ते प्रयोगाच्या सकाळपर्यंत बदलणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी घाबरत नाही.

मागे तुमच्यापैकी दोघातिघांनी लिहिलं होतं, 'प्रॉम्प्टरला काय काम असतं? नुसतं वाचायचं तर असतं.' अस्सं? मग ऐका.

नट बोलता बोलता थांबला, म्हणजे तो विसरलाच असं नसतं. त्याला तिथं थांबायलाच सांगितलेलं असू शकतं. आजोबांना मुलाची तार मिळालीय, ते ती वाचतात आणि काहीच बोलत नाहीत. त्या शांततेत प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नाही. अशा वेळी मी विंगेतून पुढचं वाक्य पुरवलं तर सगळ्या प्रसंगाचा चुथडा! उलट आजोबा खरोखरच विसरले असतील आणि मी गप्प बसले तर तेही अडकले आणि समोर उभी असलेली सूनही अडकली. ओळखायचं कसं? तालमीला रोज बसून. पॉझ घेतलेला नट कुठंतरी नीट बघत असतो, माणसाकडे, वस्तूकडे, खिडकीकडे. विसरलेला नट कुठंच बघत नाही. त्याचे डोळे नुसते उघडे असतात. शिवाय प्रत्येकाची एक खोड असते. आमचे आजोबा (खरं वय तेवीस, बँकेत चिकटलेत) विसरले की उपरणं झटकतात. सून पदर खोचते. उपरणं हललं की मी तयार!

माझ्या संहितेत पॉझच्या जागी दोन उभ्या रेघा असतात आणि हमखास अडखळायच्या जागी छोटासा त्रिकोण. सगळं पेन्सिलीनं. आठवण करून देताना अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द पुरतात. आणि कुजबुजायचं नाही! तुम्हाला वाटेल कुजबूज म्हणजे हळू आवाज. पण कुजबुजीतले 'स' आणि 'श' फुसकन सुटतात आणि पार चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत पोचतात. त्यापेक्षा खालच्या पट्टीतला साधा आवाज बरा. घरी करून बघा. भावंडाला दुसऱ्या खोलीत उभं करा आणि दोन्ही तऱ्हांनी एकच वाक्य म्हणा.

प्रॉपर्टीचं खातं मात्र मला दुकानानं शिकवलं म्हणा ना. आमच्याकडे पोतं आलं की त्याची नोंद होते. कोणाचं, किती वजनाचं, कोणत्या लॉटमधलं, सौद्यात कुणी घेतलं, पट्टी कधी झाली. तशीच माझी नाटकाची वही आहे. चष्मा कोणाचा, कोणत्या विंगेतून आत गेला, कुठं ठेवला, पहिल्या अंकाच्या शेवटी कुठं राहिला, दुसऱ्या अंकाला कुठं लागणार. तांब्या, तार, उपरणं, शिवणाच्या मशीनवरचं अर्धवट झबलं, सगळ्यांना एकेक ओळ. मध्यंतराच्या दहा मिनिटांत लोक वडा खायला गेलेले असतात आणि मी वही घेऊन स्टेजवर हुडकत असते. बी.कॉम.चा उपयोग कुठं होईल सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. परवा तासगावहून एका दोस्ताचं पत्र आलंय. नववीत आहे. 'नाव छापू नका' म्हणालाय म्हणून छापत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं काम केलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि घरी येऊन तो म्हणाला, मी मोठेपणी नाटकातच जाणार. झालं! आई म्हणाली, नाटकावर कुणाचं पोट भरतं का? काका म्हणाले, हौस म्हणून ठीक आहे. आता तो मला विचारतोय, 'ताई, खरं काय ते सांग. नाटकात पोट भरतं का?'

दोस्ता, तुझ्या आईचा प्रश्न वाईट नाही. तो नाटकाइतकाच जुना आहे.

आपण शाळेत पाठ करतो की ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. आमच्या गावात या दिवशी भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतात, मोठमोठे नट येतात, आम्ही लांबून बघून घेतो. पण पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते. भाव्यांना सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. नाटक त्यांच्याच इच्छेनं उभं राहिलं. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि आश्रय संपला. जमवलेली मंडळी, शिकवलेली सोंगं, शिवलेले पोशाख यांचं आता करायचं काय? भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे बघ, राजा होता तोवर राजाच्या पैशावर आणि राजा गेल्यावर लोकांच्या तिकिटावर. आज आपण ज्याला धंदेवाईक नाटक म्हणतो त्याची मुळं अशी पोटापाशी आहेत. हे भावे नुसते लिहीत आणि बसवत नव्हते हं, लाकडाच्या बाहुल्याही ते स्वतः करत. हातात कसब होतं.

सांगलीहून हरिपूरला चालत जाता येतं. कृष्णा आणि वारणा यांचा संगम तिथं आहे. हळद साठवायची जमिनीतली पेवंही तिथलीच. २००५ च्या पुरात त्यांची फार नासाडी झाली. आमचे शेठ अजून ती आठवण निघाली की हळहळतात. त्याच हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावर त्या काळी सगळ्या महाराष्ट्राला बोलायला लावलं या नाटकानं. आणि देवल ज्यांच्या तालमीत तयार झाले ते अण्णासाहेब किर्लोस्कर? त्यांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, तेव्हा ते सरकारी कचेरीत नोकरीला होते! दिवसा कचेरी आणि संध्याकाळी शकुंतला. तेव्हा हे 'दिवसा ते, रात्री हे' प्रकरण माझ्यापासून सुरू झालेलं नाही.

नंतरची यादी तर लांबलचक आहे. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' आलं त्यात ते नाना फडणवीस झाले. ते नाटक बसवलं डॉ. जब्बार पटेल यांनी, आणि ते मुलांचे डॉक्टर. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकलेले. 'अलबत्या गलबत्या' तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल. रत्नाकर मतकरींचं ते नाटक २०१८ साली नव्यानं आलं आणि चेटकिणीला बघून पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. जुन्या प्रयोगात ती चेटकीण दिलीप प्रभावळकर करायचे. तेही शास्त्र शिकलेले, नोकरी करून नाटक करणारे. तुमच्या आई-बाबांना विचारा.

सध्या माझ्या उशाशी 'लमाण' आहे. डॉ. श्रीराम लागू यांचं आत्मचरित्र. दुकानातून आले, तालीम करून आले की चारपाच पानं वाचते आणि दिवा घालवते. (आई म्हणते, दिवा घालवते कुठं, झोपतेस तशीच.) लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. पुण्यात दवाखाना, मधे आफ्रिकेतही डॉक्टरकी. सगळी वर्षं मन मात्र नाटकात. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी, १९७० च्या डिसेंबरात, 'नटसम्राट' रंगमंचावर आलं आणि गणपतराव बेलवलकर म्हटलं की लागूच डोळ्यांपुढं यायला लागले. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी 'त्यांनी सगळ्यावर पाणी सोडलं आणि बघा कसे मोठे झाले' अशी सांगतात. मला पुस्तक वाचताना वेगळंच दिसतं. हा माणूस आधी कित्येक वर्षं दोन्ही करत होता. कॉलेजात, हौशी संस्थांत, दवाखाना संपल्यावर. जेव्हा सोडलं तेव्हा आपल्याला काय येतं हे त्यांना नेमकं माहीत होतं. पुस्तक थोराड आहे, नववीत सगळं कळेलच असं नाही. पण लायब्ररीत दिसलं तर सुरुवातीची लहानपणाची आणि कॉलेजची प्रकरणं वाचून बघ.

आता पैशांचं बोलू. मोठी माणसं पैशांचं मुलांसमोर बोलत नाहीत आणि मग मुलांना वाटतं पैसे आपोआप येतात.

धंदेवाईक नाटकात बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. 'नाइट' असते. एका प्रयोगाचे ठरलेले पैसे, त्याला नाइट म्हणतात, मग प्रयोग दुपारी चारचा का असेना! मोठ्या नटाची नाइट मोठी, नवख्याची लहान, पडद्यामागच्यांची त्याहून लहान. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाहीत. समजा (नुसतं समजा, भाव सांगत नाहीये) एखाद्याची नाइट हजार रुपये आहे. मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा वीस प्रयोग लागले. झाले वीस हजार. जुलैत धो धो पाऊस, शाळा नुकत्या सुरू, लोकांच्या खिशाला फीची कात्री. प्रयोग लागले चार. झाले चार हजार. दोन्ही महिन्यांत घरात माणसं तेवढीच आणि दूधवाला तोच. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा, तेव्हा पुन्हा ओढाताण. म्हणजे ज्याला हे करायचंय त्याला मे महिन्यातच जुलैचा किराणा बाजूला काढून ठेवता आला पाहिजे. हे ज्याला जमतं तो टिकतो.

आणि कधी कधी तेही पुरत नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून उघडली, पुन्हा बंद झाली, आणि नंतर उघडली ती २२ ऑक्टोबर २०२१ ला. इतके दिवस नाइटच नाही! नट मालिकांत तरी जाऊ शकतात. पडदा ओढणारे, दिवे लावणारे, इस्त्री करणारे कुठं जाणार? आमच्या ग्रुपला मेकअप करायला जे काका येतात त्यांनी त्या काळात दारात भाजीची गाडी लावली होती. रंगाच्या पेटीवर कापड घालून ठेवलं होतं म्हणाले, बघवत नव्हतं. परत नाट्यगृह उघडलं तेव्हा मात्र पहिल्या प्रयोगाला हजर. का आलात परत, असं मी विचारलं तर म्हणाले, 'भाजीला कुणी टाळ्या वाजवत नाही गं.' आणि लगेच, 'पण गाडी विकली नाही अजून.' दोन्ही वाक्यं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

हे सगळं मी एवढं खोलात का सांगतेय? कारण हाच हिशेब गेले दहा दिवस मी माझ्यासाठी करतेय.

झालं काय, पुण्याच्या एका धंदेवाईक नाटकाचा प्रयोग दिवाळीच्या आधी इथं झाला. त्यांची प्रॉपर्टी बघणारा मुलगा आजारी पडला म्हणून आमच्या सरांनी मला एका रात्रीपुरतं पाठवलं. मी माझी सवयीची वही घातली, तीस-पस्तीस ओळी झाल्या. दहा दिवसांपूर्वी मॅनेजरचा फोन आला. जानेवारीपासून येता का? प्रॉपर्टी आणि कपडेपट दोन्ही बघायचं, महाराष्ट्रभर दौरे, नाइट अमुक. ३० नोव्हेंबरपर्यंत कळवा.

पहिल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा कागद घेतला.

अडचण अशी आहे. नवी हळद साधारण फेब्रुवारीत यायला लागते आणि मेपर्यंत यार्डात पाय ठेवायला जागा नसते. दुकानाला माझी गरज तेव्हाच. आणि नाटकाचे सगळ्यात जास्त प्रयोग एप्रिल-मेमध्ये. नाटकालाही माझी गरज तेव्हाच. पावसाळ्यात दोन्हीकडे शुकशुकाट! देवानं दोन्ही हंगाम एकमेकांवर बसवलेत. म्हणजे 'थोडं हे, थोडं ते' हा माझा लाडका मार्ग इथं बंद. एक काहीतरी सोडायलाच हवं.

शेठना सांगायला मी दोन दिवस घाबरत होते. ते शांतपणे म्हणाले, 'जा की. कोण धरलंय? पण फेब्रुवारीच्या आत कुणाला तरी वह्या शिकवून जा.' आणि थोड्या वेळानं, 'जमलं नाही तर परत ये. पण त्या टायमाला जागा असंल का नाही, सांगत नाही.' मला हे फार आवडलं. खोटा धीर नाही आणि खोटी भीतीही नाही.

आईचा प्रश्न एकच होता, 'आणि पावसाळ्यात?' बाबा एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर मुक्कामाच्या गाड्या केल्या. त्यांनी नाइट किती हे विचारून घेतलं आणि मग म्हणाले, 'मुक्काम कुठं करता?' मी मॅनेजरला फोन करून सगळं विचारलं. संघात अजून दोन बायका आहेत, प्रवास कंपनीच्या बसनं, मुक्काम असेल तिथं तिघींना एक खोली. बाबांनी त्यांच्याही फोनवर नंबर लिहून घेतला. आता ते नकाशावर अंतरं काढत बसतात. सांगली ते नागपूर किती तास, रस्ता कुठं खराब, चहा कुठं बरा. परवानगी मिळाली असं कुणी म्हणालेलं नाही, पण मला वाटतं ती हीच.

मग कागदावर काय निघालं? घरात मी महिन्याला जेवढे देते तेवढे पुढचे पाच महिने देता येतील इतके पोस्टात साठलेत. चार वर्षं दर महिन्याला टाकलेले. भावाची बारावीची फी भरलेली आहे. म्हणजे एक पावसाळा निघतो. दुसरा निघेल की नाही ते पहिल्यात कळेल. तेव्हा मी 'हो' कळवायचं ठरवलंय. राज्य नाट्यची प्राथमिक फेरी डिसेंबरात होऊन जाईल, जानेवारीत दुकानातल्या नव्या मुलीला वह्या शिकवायच्या आणि महिनाअखेर निघायचं, असं मॅनेजर कबूल झालेत. संपादकांना विचारलं. ते म्हणाले, सदर बसमधून लिहा, पण मंगळवारच्या आत पोचलं पाहिजे.

तासगावच्या दोस्ता, आता तू म्हणशील ताई गेली, मग मीही जातो. थांब जरा. ताई पंचवीस वर्षांची आहे, पदवी झालीय आणि पोस्टात पाच महिने आहेत. तू नववीत आहेस. तुझ्यासाठी वेगळं सांगते.

पहिलं म्हणजे 'नाटकात जाणार' हे वाक्य अर्धं आहे. नाटकात जाऊन काय करणार? तू लिहिलंयस, 'अभिनय'. ठीक आहे. पण स्टेजवर सहा माणसं दिसतात तेव्हा मागं दहाबारा असतात. फ्लॅट उभे करणारे सुतारकाम जाणतात. दिव्यांवरच्या माणसाला विजेचं शिक्षण लागतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन इथं राजा आहे. कपडे, रंगभूषा, पार्श्वसंगीत, नेपथ्य, तिकीटविक्री, सगळी स्वतंत्र कामं. कमल शेडगे यांचं नाव ऐकलंयस? २०२० साली ते गेले. त्यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं रंगवली, म्हणजे नुसती अक्षरं! एकेका नाटकाचं नाव असं काढायचं की अक्षर बघूनच विनोदी की गंभीर ते कळावं. त्यांचीही वृत्तपत्रात चित्रकाराची नोकरी होती. अक्षर चांगलं असणारी मुलं तुझ्या वर्गात असतील तर त्यांना हे सांग.

शिकायच्या जागाही आहेत. बारावीनंतर पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाची पदवी करता येते. ते १९८७ साली सुरू झालं. आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. पदवीनंतर मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. ते १९५९ चं. तिथं तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि नेपथ्य-प्रकाश-दिग्दर्शन हेही शिकवतात. त्याला घडवणारे इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मलेले बरं का. पण तिथं जायला आधी पदवी लागते आणि नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही. म्हणजे आईचं 'आधी शीक' आणि तुझं 'मला नाटक करायचंय' ही दोन्ही वाक्यं त्यांच्या प्रवेशअर्जावर शेजारी शेजारी बसतात. आईला दाखव.

कॉलेजात गेलास की पुण्याकडचा पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ती एकांकिका स्पर्धा घेते. तिथले परीक्षक मोठे कडक. २०२२ साली करंडकाच्या लायकीची एकांकिकाच नाही असं म्हणून त्यांनी करंडक कुणालाच दिला नाही. मुलं रडली, भांडली. मला विचाराल तर थोडं जास्तच झालं ते. मुलांनी दोन महिने रात्री जागवलेल्या असतात.

पण तुला तोवर थांबायचं कारण नाही. शासनाची बालनाट्य स्पर्धा असते, ती तुझ्या वयाच्या मुलांसाठीच. शाळेतल्या सरांना विचार, शाळा भाग घेते का. नसेल घेत तर यंदा घेऊ या म्हण. आणि भूमिका मिळाली नाही तर रुसून घरी बसू नकोस, प्रॉम्प्टिंग मागून घे. सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ होतात आणि कुणाला गोवर आला की उभं राहायला तूच तयार असतोस!

आणखी एक काम. एका वहीत लिहून ठेव, नाटकातलं कुठलं काम करताना तुला घड्याळ बघावंसं वाटलं नाही. टाळ्या वाजल्या ते लिहू नकोस, ते सगळ्यांनाच आवडतं. तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात, तोच प्रसंग चाळिसाव्यांदा करताना काय वाटलं ते लिही. दहावीची परीक्षा झाली की ती वही मला पाठव. मी तेव्हा कुठल्या गावात असेन कोण जाणे, पण मासिकाच्या पत्त्यावर आलेलं पत्र मला पोचतं.

बाकी पत्रांना पुढच्या वेळी उत्तरं. इचलकरंजीच्या दोघी बहिणींनी नाटकातला पाऊस कसा पाडतात ते विचारलंय, त्याचं उत्तर मोठं आणि ओलं आहे. आणि मिरजेच्या मित्रा, हो, तिसरी घंटा झाली की खरंच पोटात गोळा येतो. विंगेतल्यांच्याही.

तुमची,
विंगेतली ताई